झाकणावरचं पाणी

मार्गशीर्षातली अमावास्या सरली त्या सकाळी मी देवापुढची रांगोळी पुसत होते, तेवढ्यात सेलीनचा फोन आला. "शैला, संपला का तुझा महिना?" ना नमस्कार, ना चमत्कार. मी म्हटलं, "संपला." "मग रविवारी ये. चिकूची लाकडं मस्त सुकलीयत. बेनीनं ड्रम घासून ठेवलाय," म्हणाली आणि फोन ठेवला. माणूस समोर असला की सेलीन तास तास बोलते, फोनवर मात्र तिला कुणीतरी हाकलत असल्यासारखी बोलते.

मी पुसलेल्या रांगोळीकडे बघत तशीच उभी राहिले. हा मोसम परत आला म्हणायचा.

कुठल्याही कॅलेंडरवर या मोसमाला नाव नाही. मुंबईला थंडी नसते, असं पुण्या-नाशिककडचे पाहुणे आपल्याला येऊन सुनावतात. सुनावू देत. पंखा एकवर आला, चाळीच्या गॅलरीत पहाटे कुणीतरी कानटोपी घालून दुधाची पिशवी आणायला निघालं, की आमच्या लालबागेत थंडी पडली. या थंडीचा पहिला तुकडा माझ्या कामाचा नाही, कारण मार्गशीर्षात आमच्या घरात मांसमच्छी बंद. शेवटचा तुकडा सेलीनच्या कामाचा नाही, कारण राखेचा बुधवार आला की तिचा लेंट सुरू होतो आणि मग ईस्टरपर्यंत ती मांसाला शिवत नाही. माझा नेम संपल्यावर आणि तिचा सुरू व्हायच्या आत जे काही रविवार उरतात, तेवढाच आमचा मोसम. त्या रविवारी माझगावला तिच्या घरामागच्या आवारात आम्ही दोघी मांस धुरीला लावतो. याला मराठीत नेमका शब्द काय, ते मला माहीत नाही. दूध विरजायला लावतात, तसं मांस धुरीला लावायचं, असं आम्ही म्हणतो. खाली विस्तव मंद ठेवायचा, त्यावर सुक्या लाकडाचा तुकडा टाकायचा, आणि आच लागू न देता नुसत्या गरम धुरावर मांस सावकाश शिजू द्यायचं. वैशाखात त्या ड्रमशेजारी कुणी बसून दाखवावं. थंडीत मात्र त्या उबेला पाय शेकत बसण्यासारखं सुख नाही.

गेल्या वर्षी या मोसमात मी पहिल्यांदा तिथं गेले, ती नाक नसलेली बाई म्हणून.

म्हणजे नाक होतं. चष्मा त्यावरच टेकलेला होता. पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात मला ताप आला, चार दिवस राहिला, आणि जाताना वास घेऊन गेला. मला ते कळलंसुद्धा नाही. तापातून उठल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकाला लागले होते. भात टाकला होता, आणि त्याच्याच शेजारी उभी राहून मी कोथिंबीर निवडत होते. एवढ्यात शेजारच्या परबकाकू पदर नाकाला लावून धावत आल्या. "शैला, भात लागलो गो! नाकात बोळे घातलंस काय?" मी झाकण काढलं. तळाचा भात काळा झाला होता, धूर वर येत होता, आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. मी वाकून पातेल्यात तोंड घातलं. गरम वाफ लागली, वास नाही.

आता कुणी म्हणेल, वासाचं काय एवढं, डोळे-कान शाबूत आहेत ना. मीही सुरुवातीला तसंच म्हटलं. पण आमच्या मजल्यावर माझं नाक प्रसिद्ध होतं. होळी झाली की लालबागमध्ये मसाल्याचे दिवस येतात. गच्चीवर मिरच्या वाळत पडतात, रस्त्यानं जाणारा शिंकत जातो, आणि घराघरात धणे, खसखस, दगडफूल भाजायला निघतं. डंकावर कुटायला नेण्याआधी हे सगळं नेमकं भाजलं जावं लागतं. धण्यांचा एक क्षण असतो. त्याच्या आधी उतरवले तर कच्चे, नंतर उतरवले तर वर्षभराचा मसाला कडवट. तो क्षण मला दोन खोल्या पलीकडून कळायचा. "शैला, बघ गो बाय, झाले काय?" असं परबकाकूंनी ओरडायचं आणि मी माझ्या घरातूनच "उतरवा!" म्हणायचं, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. काकूंच्या हाताला आता कंप आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांचा सगळा भरवसा माझ्या नाकावर. आणि ते नाक आता दाराला नुसतीच पाटी लावलेल्या रिकाम्या घरासारखं झालं होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार बाटल्या रोज हुंगायला सांगितल्या. "येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मी इमानेइतबारे हुंगत राहिले. लवंग हुंगताना लवंग कशी असते ते आठवायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. आठवायला गेलं की लवंगेचा आकार आठवायचा, रंग आठवायचा, आईच्या मिसळणाच्या डब्यातली तिची वाटी आठवायची, वास सोडून सगळं आठवायचं. पुढेपुढे भीती वाटायला लागली, की वास तर गेलाच, आता त्याची आठवणही जाणार.

घरात आमचे हे मोठ्या मनाचे. जे पानात पडेल ते खायचे आणि म्हणायचे, "मस्त." आमटी पाणचट, मस्त. खोबरं करपलेलं, मस्त. एकदा नासलेल्या दुधाचा चहा दिला, तोही मस्त. माणूस दयेनं "मस्त" म्हणतोय हे कळायला वास लागत नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, खरं सांगा ना." तर म्हणाले, "खरंच मस्त झालंय गं." मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

सेलीन माझी नोकरीतली मैत्रीण. परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये आम्ही उभा जन्म शेजारी-शेजारी काचपट्ट्या बघत काढला, आणि मागेपुढेच निवृत्त झालो. माझगावचं तिचं घर जुनं, तिच्या माणसांइतकंच त्या बेटावर मुरलेलं. मागे एवढंसं आवार आणि त्यात चिकूचं झाड. त्याच पावसाळ्यात त्या चिकूची एक दांडगी फांदी पडली. सेलीनचा मुलगा कॅनडात असतो, तिथं तो घरामागे मांस धुरीला लावतो. त्यानं फोनवर फांदी बघितली आणि ओरडलाच, "मम्मी, फेकू नको! फळझाडाचं लाकूड आहे ते!" सेलीनचा नवरा बेनी गोदीत वेल्डर होता. त्यानं एक तेलाचा ड्रम आणला, आत जाळ करून तो पुरता निर्मळ केला, खाली वारा घ्यायला भोकं पाडली, मध्ये जाळी बसवली, वर झाकण केलं, झाकणाला मधोमध एक भोक ठेवलं आणि म्हणाला, "माझं काम लोखंडापर्यंत. पुढचं तुमचं."

मग सेलीननं मला फोन केला. "तुला वास येत नाही ना? बरंच आहे. धुराचा त्रास नाही व्हायचा. ये." दुसरं कुणी असं म्हटलं असतं तर मी आयुष्यात त्याचं तोंड पाहिलं नसतं. सेलीन म्हणाली म्हणून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आणि गेले, त्याला आणखी एक कारण होतं. माझ्या स्वयंपाकघरात मला सगळं येत होतं आणि ते सगळं गेलं होतं. इथं मला काहीच येत नव्हतं. गमावण्यासारखं नव्हतं काही.

पहिल्या रविवारी कोंबडीच्या तंगड्या आणल्या. नवख्या माणसानं तंगड्यांपासूनच सुरुवात करावी, त्या थोडंफार चुकलेलं पोटात घालतात, असं मुलाचं म्हणणं. त्यानं असंही सांगितलं, की फक्त मीठ आणि मिरी चोळा. आम्हा दोघींना तो अपमान वाटला. "नुसतं मीठमिरी? आजारी माणसाला देतात तसं?" मी म्हटलं. मी घरून माझा मालवणी मसाला आणला होता. सेलीननं तिचा बॉटल मसाला काढला, त्यांच्याकडे वर्षाचा बाटलीत ठासून भरून ठेवतात तो. मग कुठला मसाला लावायचा यावर वाद झाला. तिचं म्हणणं, तुमच्या मसाल्यात नुसता ठसका, डोकं नाही. माझं म्हणणं, तुमच्यात एवढ्या जिनसांची भरती, की कोंबडी कुठली हेच कळायचं नाही. शेवटी निम्म्या तंगड्या तिच्या, निम्म्या माझ्या, अशी वाटणी झाली.

कोळसे फुलले, वर चिकूचे तुकडे टाकले, जाळीवर तंगड्या मांडल्या, झाकण ठेवलं. झाकणाच्या भोकातून धूर वर यायला लागला. आणि तो असा फुकट जाताना बघून माझ्या हातांनी मला न विचारता एक काम केलं. मी आत जाऊन ताट घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि ते ताट नेऊन झाकणावर ठेवलं, बरोब्बर भोकावर.

मटण असंच शिजवतात की! झाकणावर पाणी ठेवायचं, आतली वाफ आत राहते, मटण अंगच्या पाण्यात शिजतं, आणि रस्सा वाढवायचा झाला तर वरचं गरम पाणी हाताशी असतं. माझ्या आईनं हेच केलं, सासूनं हेच केलं. ताटाखेरीज मटणाचं पातेलं मला उघडंबोडकं वाटतं. सेलीननं ते ताट बघितलं आणि पसंतीची मान डोलावली, कारण तिची आईही हेच करायची. जातपात, देवधर्म, मसाला, सगळं वेगळं, पण झाकणावरच्या पाण्याबद्दल आमचं एकमत. दोघी कृतकृत्य होऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळानं ड्रमच्या खालच्या भोकांतून जाड, पांढरापिवळा धूर लोळायला लागला. "काय धूर पकडलाय बघ!" मी म्हटलं. जितका धूर जास्त तितकी चव जास्त, असा आमचा हिशेब. मध्येच मी ताट बाजूला करून झाकण उघडलं आणि तंगड्या परतून आले. परतलं नाही तर खाली लागेल, ही भीती रक्तातच.

तेवढ्यात बेनी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आला. त्यानं ड्रम बघितला, ताट बघितलं, ताटातलं पाणी बघितलं. मग कप पायरीवर ठेवला आणि चिकूच्या झाडाला धरून हसायला लागला. त्याला बोलताच येईना. सेलीननं घाबरून मुलाला फोन लावला, ड्रम दाखवला. तिकडून तोही हसत सुटला. "मम्मी, शैला आंटी, तुम्ही आगीचा गळा दाबलाय! भोक बंद केलं तर ती श्वास कुठून घेणार? आणि पाणी वर नाही, आत ठेवायचं. मांसाच्या खाली, थाळीत!" एवढ्या फजितीतही मला बरं वाटलं. म्हणजे पाणी हवंच होतं. जागा चुकली.

तंगड्या काढल्या. काळ्याभोर, चकचकीत, दिसायला देखण्या. सेलीननं एक घास घेतला, तिचा चेहरा वाकडा झाला, आणि ती सरळ चिकूच्या बुंध्याशी जाऊन थुंकली. "श्शी! कडू! शैला, खाऊ नको!" पण मी घास घेतला होता. आणि मला कडू लागलं.

कडू लागलं! जिभेच्या मागच्या कडेला, कारल्याच्या वर, कडुनिंबाच्या जवळपास, चांगलं सणसणीत कडू. इतके महिने तोंडात नुसतं मऊ किंवा कडक, गरम किंवा गार पडत होतं. खारट-तिखट कळायचं, पण ते कुणी लांबून सांगितल्यासारखं. हे कडू मात्र थेट माझ्याकडे आलं. मी दुसरा घास घेतला. सेलीन म्हणते, मी हसत होते आणि खात होते आणि तिला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण मला त्या कडूपेक्षाही दुसऱ्याच गोष्टीचं सुख झालं होतं. माझ्या हातचं खाऊन कुणीतरी माझ्यासमोर थुंकलं होतं. "मस्त" म्हटलं नव्हतं.

पुढच्या रविवारपासून आम्ही शहाण्या झालो. पाण्याची थाळी आत गेली. झाकणावरचं भोक उघडं राहिलं. झाकण उघडून परतायचं नाही, यासाठी मला स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसावं लागायचं. आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, की या कामाला नाक लागतच नाही. धुराला रंग असतो. पांढरा, दाट, आळसट धूर आला की समजायचं, आत विस्तव घुसमटतोय, मांस कडू होणार. खालच्या भोकांवर बेनीनं बसवलेली पट्टी जराशी सरकवली, वारा आत गेला, की धूर पातळ होत जातो, आणि मग असा होतो की आहे की नाही असं वाटावं. चिकूच्या हिरव्या पानांपुढे धरून बघितला तर निळसर. तो खरा धूर. आयुष्यभर काचपट्टीवरचे फिकट रंग ओळखण्यात गेलेले माझे डोळे, त्यांना हे काम मानवलं. सेलीनला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तो निळा दिसायचा नाही. "आला?" ती विचारायची. "आला," मी सांगायची. किती दिवसांनी मला कुणी असं काही विचारत होतं.

आणि त्याच्या बदल्यात ती मला वास सांगायची. पहिल्यांदा मी विचारलं, "कसा येतोय गं?" तर म्हणाली, "धुरासारखा. अजून काय सांगू?" मी म्हटलं, "नीट सांग." तिनं डोळे मिटले, नाक वर केलं. "पप्पा गोदीतून यायचे ना, त्यांच्या शर्टाला यायचा तसा. पण त्याच्यात थोडा गूळ." पुढच्या वेळी म्हणाली, "लाकडाचं जुनं कपाट उघडल्यावर." एकदा म्हणाली, "नाताळात आईचा केक भट्टीवाल्याकडून यायचा, त्या टोपलीचा वास." सांगता सांगता ती कुठल्या कुठे निघून जायची. मला वास यायचा नाही, पण तिचे पप्पा यायचे, तिची आई यायची. मी ऐकत राहायची. घरी परतताना बसमध्ये शेजारची बाई माझ्याकडे वळून वळून बघायची, पदर नाकाला लावायची. अख्ख्या बसला माझा वास यायचा, एक मला सोडून.

मी मनातल्या मनात एक मुदत घातली होती, कुणाला न सांगता. लेंट लागायच्या आत नाक येईल. लेंट लागला की होळी काही लांब नसते. होळीनंतर लगेच धणे भाजायला निघणार आणि परबकाकू हाक मारणार. त्याच्या आत यायलाच हवं.

शेवटच्या रविवारी आम्ही मोठी उडी मारली. सेलीनसाठी डुकराचा खांदा आणि माझ्यासाठी बकऱ्याची दस्ती, म्हणजे पुढची तंगडी. डुक्कर आमच्या घरात चालत नाही. मला चालतं, हे घरात माहीत नाही, आता होईल. दोन्ही जिन्नस सकाळपासून ड्रममध्ये. दुपारपर्यंत मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा शहाण्यासारखा वर सरकत गेला आणि मग एका जागी थांबला. थांबला तो थांबलाच. कोळसे रसरशीत, धूर निळा, सगळं यथास्थित, आणि काटा ढिम्म. मी म्हटलं, "कोळसे घालूया." सेलीन म्हणाली, "झाकण उघडून बघूया." मुलगा म्हणाला, "हात लावू नका. मांस अडून बसतं असं. त्याला घाम येत असतो, तो घाम त्याला गार करत असतो. आत काम चालू असतं, बाहेरून दिसत नाही. अगदीच धीर नसेल तर गुंडाळून ठेवा आणि विसरा." गुंडाळायला तिकडे मिळतो तो खास कागद आमच्याकडे कुठून असणार? आम्ही केळीच्या पानात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि बसून राहिलो. मला त्या अडून बसलेल्या काट्याचा इतका राग आला, की तो काट्याचा नव्हता हे मलाही कळत होतं.

उन्हं कलली तेव्हा पानं सोडली. मांस बोटानं सुटत होतं. सेलीननं घास घेतला, डोळे मिटले आणि लगेच दुसरा उचलला. मीही खाल्लं. मऊ होतं, खारट होतं, कडू अजिबात नव्हतं. बस्स. वास नव्हता. मोसम संपला आणि वास आला नव्हता. मी पानाकडे बघत राहिले. सेलीननं माझ्या पाठीवर हात ठेवला. "रड," ती म्हणाली. "धुराच्या नावावर खपून जाईल." मी रडले, पोटभर रडले, आणि मग उरलेलं मटण बांधून घेऊन घरी आले.

बुधवारी ती मला परळला भेटली, कपाळावर राखेचा क्रूस. पेन्शनच्या कामासाठी आलो होतो दोघी. "आता ईस्टरपर्यंत पालेभाज्या," ती म्हणाली. मी तिच्या कपाळाकडे बघत होते. आमच्या ड्रमच्या तळाशी उरते तशीच राख.

होळी झाली. गच्चीवर मिरच्या पसरल्या. आणि एका दुपारी ती हाक आलीच. "शैला, बघ गो बाय, झाले काय?" मी हातातलं टाकून गेले. घरातूनच "उतरवा" म्हणायचे दिवस संपले होते. काकूंच्या कढईशी जाऊन उभी राहिले. धण्यांवरून वाफ जात होती, पांढरी. मी खिडकीच्या उजेडाकडे तिरकी झाले. पांढरी होती, पांढरी होती, मग विरळ झाली. बोटानं दोन दाणे उचलले, चुरडले, कुरकुरले. कढईच्या कडेशी एक निळी रेघ उठली, केसाएवढी. "उतरवा काकू!" काकूंनी कढई उतरवली, आपल्या कापऱ्या हातानं धणे नाकाशी नेले आणि डोळे मिटले. "बरोबर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वास इलो तुका?" मी म्हटलं, "नाय काकू. धूर दिसलो." त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्याचे धणे माझ्या नजरेखालून गेले. वर्षभर कुणाचा मसाला कडू झाला नाही. मला खूप अभिमान वाटला, तो का लपवू?

त्यानंतरच्या पावसाळ्यात काहीतरी हलायला लागलं. कॉफीला जळक्या वायरीचा वास यायला लागला, कांद्याला तर काय यायचा ते लिहवत नाही. डॉक्टरीणबाई खूश. चुकीचा का होईना, येतोय ना, म्हणाल्या. गणपतीच्या गर्दीत एकदा धुपाची झुळूक आली असं वाटलं. पण धूप समोर दिसत होता. मग मला वास आला, की धूप दिसला म्हणून वास आठवला? लवंगेची बाटली हुंगताना लवंग येते असं वाटायचं, पण बाटलीवर चिठ्ठी होती. येतोय की आठवतोय, हे कसं ओळखायचं? यावर्षीचा मार्गशीर्ष मी याच घोळात काढला आणि फोन आला तेव्हा रांगोळी पुसत होते.

तर यंदाचा पहिला रविवार. मोसमाची सुरुवात कोंबडीच्या तंगड्यांनीच करायची, असा आता रिवाज झालाय. मी विस्तव केला, पाण्याची थाळी आत ठेवली. झाकण ठेवताना हात एकदा सवयीनं ताटाकडे गेलाच, सेलीननं त्यावर चापट मारली. धूर निळा झाला. बंदराकडून वारा येत होता, तो धुराला भिंतीपलीकडे घेऊन जात होता. आम्ही पायरीवर बसलो. सेलीन तिच्या गुडघ्यांची कर्मकथा सांगत होती आणि मी हूं हूं करत होते. मध्येच मला वाटलं, काहीतरी चुकतंय. मी ड्रमकडे बघितलं. धूर चांगला होता, पातळ, निळा, भिंतीवरून जाणारा.

"सेलीन, हा आपला धूर नव्हे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"काहीतरी लागलंय. आत. तुझा भात आहे का गॅसवर?"

सेलीननं माझ्याकडे बघितलं. मी विस्तव करत होते तेव्हा तिनं भात टाकला होता, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मग ती उठली, आणि ज्या गुडघ्यांची कथा चालली होती ते गुडघे घेऊन धावली. आतून भांड्याचा आवाज आला. दोन फडक्यांत पातेलं धरून ती मागच्या दारात आली, तळ काळाठिक्कर, वरून धूर निघतोय, आणि तिचे डोळे भरलेले. "बेनी!" ती घरात वळून ओरडली. "बेनी, बाहेर ये लवकर! भात लागला! शैलानं सांगितलं!"

तंगड्या कशा झाल्या ते मला आठवत नाही. त्या करपलेल्या भाताची खरवड मात्र मी डब्यात घालून घरी आणली. ह्यांनी दार उघडलं. मी चपलासुद्धा न काढता डबा त्यांच्यापुढे धरला. "खाऊन सांगा."

त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, आणि "म" म्हणायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं.

"करपलाय गं," ते हळूच म्हणाले.

"माहितीय," मी म्हटलं.